तुमच्या खोक्यातली मंगलाष्टकं

वहिनी, आधी भांडण उरकून घेऊ. रडायला पुढे वेळ आहे, आणि रडताना माझं तोंड नाटकातल्या खलनायकासारखं दिसतं असं तुम्हीच म्हणायचात.

प्राचीचं लग्न वैशाखात आहे. माझ्या लेकीचं, म्हणजे तुमच्याच लेकीचं, कारण तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि वेणी घालण्यापासून होणाऱ्या सासूची परीक्षा घेण्यापर्यंत सगळं तिची मोठीआई म्हणून तुम्ही केलंत. तिचं मंगलाष्टक तुम्ही रचलंत. ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. आणि तुमचे दिवस झाले, पाहुणे पांगले, त्या सकाळी मी त्याच्यावरचं झाकण काढून बटण दाबलं, तर आतून नुसतं टक, टक, टक. कुणीतरी बाहेरून कडी वाजवतंय आणि घरात कुणी नाही, तसं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की डिस्क सापडत नाही.

दादा म्हणाला, "खारी हवा. खिडकीचे गज खाल्ले, माझी सायकल खाल्ली, आता तिचं खोकंपण खाल्लं."

दादा माझा थोरला भाऊ आणि तुमचा नवरा. दुःख झालं की आधी दोषी शोधायचा, ही त्याची रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पण माझं भांडण हवेशी नाही की खोक्याशी नाही. तुमच्याशी आहे. त्या मंगलाष्टकाच्या सातव्या कडव्यात तुम्ही कुठल्या ओळीत उभ्या राहणार, यावरून आपलं वाजलं होतं, आणि तुम्ही तो वाद अर्धवट टाकून गेलात. पाट्यावरचं शेवटचं वाटण पुसून घेतल्याशिवाय न उठणारी बाई तुम्ही. तुम्ही असं करावं?

हे खोकं घरात आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. दादाच्या बोईसरच्या कारखान्यात, ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने कामगारांना थोडक्यात देऊन टाकले. दादानं एक, प्रिंटरसकट, टेम्पोत घालून चिंचणीला आणला. कशाला, ते त्याला आजही सांगता येत नाही. "सगळे घेत होते," एवढंच त्याचं म्हणणं. मग ते यंत्र तुमच्या शिवणाच्या मशीनशेजारी पाहुण्यासारखं अवघडून बसून राहिलं. तुम्ही त्याला झाकण शिवलंत, कोपऱ्यात मोर भरून.

त्याच सुमारास तुम्ही एसटीनं बोईसरला शिवणक्लासला जायला लागलात. क्लास पहिल्या मजल्यावर होता. दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. तुम्ही रोज एक मजला जास्त चढत होतात, हे आम्हाला कळलं ते ब्लाउजच्या ऐवजी घरात छापील कागद आला तेव्हा. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सौभाग्यवतींसाठी उखाणे'. प्रिंटर शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल असा करकरला होता. दादा अंगणातून पळत आला, त्याला वाटलं पत्रे उडाले.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"शिवणक्लासात," तुम्ही म्हणालात. "नवीन टाका हाय."

दसऱ्याला तुम्ही त्याची पूजा केलीत. दादाचे नटबोल्टचे पाने, तुमची विळी, माझा माईक आणि हे खोकं, सगळी एका रांगेत. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, कीबोर्डवर झेंडू. त्यातलं थोडं कुंकू फटीतून आत गेलं आणि 'क' दाबला की दोनदा उमटायला लागला. पुढचा सगळा लग्नाचा हंगाम आपल्या मंगलाष्टकांत घरोघरचे काका दोन अक्षरांनी लांब छापले गेले. एकाही काकानं तक्रार केली नाही. उलट एकजण म्हणाला, आजवर आमच्याकडे एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

तारापूर, दांडी, पाम, कुठंही लग्न ठरलं की मुलीकडचं माणूस आपल्या ओटीवर यायचं. नवरानवरीची नावं, आईबापाची, मामा-मामी, आत्या, गेलेले आजोबा, सगळी सांगायचं. तुम्ही ती शार्दूलविक्रीडितात ओवायचात आणि मी मांडवात माईक धरून गायचो. अक्षरं तुमची, आवाज माझा, जिलबी दोघांची. कॉम्प्युटर आला आणि तुमचा वेग वाढला. जुनं मंगलाष्टक काढायचं, नावं बदलायची, छापायचं. मला ते खपत नव्हतं.

"वहिनी, हे साचे मारणं झालं. मुलगी सुनंदा असो नायतर मंदा, सगळ्याच कशा 'कुळाची शोभा'?"

"भावजी, हळद सगळ्यांना एकच लागते. अंग ज्याचं त्याचं."

"पण कवी म्हणून काही लाज?"

"मी कुठं कवी? मी वाढपी. कुठल्या आत्याचं पान रिकामं रायलं नाय म्हणजे झालं माझं काम."

हे उत्तर मला त्या वेळी फार आवडलं होतं. आवडलं असं मी सांगितलं नाही. तुमच्या उत्तराला दाद दिली की तुम्ही आणखी एक ठेवून द्यायचात.

क्लासमधून तुम्ही एक नवीन शब्दही आणलात, बॅकअप, आणि घरात त्याचा जाच सुरू झाला. "यंत्र हाय. कवा मान टाकील सांगता येत नाय. सगळ्याची नक्कल फ्लॉपीवर काढून दूर ठेवायची." फ्लॉपी म्हणजे ती तळहातावर मावणारी चपटी चौकोनी चकती, तिच्या एका कडेला पत्र्याची सरकती झडप. दूर ठेवायची म्हणजे कुठं? घरातली सगळ्यात राखलेली जागा कुठली? देव्हारा. तुम्ही फ्लॉप्यांची चळत देव्हाऱ्यात ठेवलीत आणि वर आसनस्थ केलात तो छोटा गणपती. मोटारीत समोर बसवतात तसला. दादाला कुणीतरी भेट दिला होता. दादाकडे मोटार नव्हती, म्हणून देव घरात आला होता.

पामच्या विलासच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तुम्ही मंगलाष्टक साठवत असतानाच वीज गेली. वीज तयार होते आपल्या शेजारी तारापूरला आणि जाते आपल्याच घरातून, हा विनोद तेव्हाही जुना होता. वीज आली तेव्हा फाईल उघडेना. एक नाही, एकही उघडेना. मी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र अशा उठलात की जणू याच प्रसंगाची वाट बघत होतात.

"बॅकअप हाय," असं म्हणून पदर खोचून देव्हाऱ्याकडे गेलात आणि गणपती उचललात.

गणपतीबरोबर वरची फ्लॉपीही उचलली गेली. त्याच्या बुडाला लोंबकळत. आपण तिघं त्या दृश्याकडे बघत राहिलो. मोटारीच्या पत्र्याला देव चिकटून राहावा म्हणून त्याच्या बैठकीत लोहचुंबक होतं, आणि ते इतके दिवस तुमच्या मंगलाष्टकांवर बसून होतं. फ्लॉपी यंत्रात घातली. कोरी. खालची घातली. तीही कोरी.

"विघ्नहर्ता!" मी म्हणालो.

"त्याला बोल लावू नका," तुम्ही म्हणालात. "विद्येचा देव हाय. सगळं वाचून घेतलं त्यानं."

मग कपाटाच्या तळातून आदल्या वर्षीचा एक जुना संच निघाला. तो यंत्रात भरलात. त्यात गेल्या हंगामातलं, दत्तूच्या लग्नाचं मंगलाष्टक सापडलं. घाईघाईत दत्तूचं नाव काढून विलासचं घातलंत, त्याच्या बायकोचं काढून नवीन नवरीचं. पाचव्या कडव्यातलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पामला मांडवात मी डोळे मिटून, हात पसरून, पाचव्या कडव्यात 'दत्तात्रेय' असा काही सूर लावला, की डोळे उघडले तर तिसऱ्या रांगेत खुद्द दत्तू मांडीवरचं पोर काखेत घेऊन उभा. सवयीनं उभा राहिला बिचारा. त्याची बायको त्याचा सदरा ओढतेय, "खाली बसा! तुमी कशाला उठलात? एकदा झालंय तुमचं!" मांडव हसायला लागला. अंतरपाटाआडून नवरीच्या हुंदक्याचा आवाज आला. विलासचे वडील माझ्याकडे अशा चालीनं निघाले की मी माईकची दांडी दोन्ही हातांनी धरली.

आणि बायकांच्या घोळक्यातून तुमचा आवाज आला, खणखणीत. "आमच्याकडं चाल हाय! गेल्या साली ज्यांचं चांगलं झालं त्या जोडप्याचं नाव पाचव्यात घ्यायचं, म्हंजे नव्यांनापण तसंच लाभतं!" आणि कुणाला विचार करायला वेळ न देता विलासचं नाव घालून ते कडवं तुम्ही स्वतः उचललंत. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या. विलासचे वडील वाटेतच थांबले आणि दत्तूला म्हणाले, "बस बाबा, जेवून जा."

वहिनी, ती चाल रुजली. पुढच्याच लग्नाला एक आजीबाई मला विचारत आल्या, "पाचव्यात गेल्या सालचं जोडपं घातलंय ना? नायतर अपशकून." पाममध्ये अजून घालतात. तिचं मूळ एका लोहचुंबकात आहे हे मी आजपर्यंत पोटात ठेवलं होतं. आता तुम्ही नाही, म्हणून सांगून टाकतोय. तुम्ही असतात तर डोळे वटारले असतेत, आणि मग पदराआड हसला असतात.

त्या दिवसानंतर तुम्ही सुधारलात, म्हणजे आम्हाला छळायला लागलात. फ्लॉप्या देव्हाऱ्यातून निघाल्या आणि पिशवीत गुंडाळून जुन्या तांदळाच्या डब्यात गेल्या. तिथं ओल नाही, मुंग्या नाहीत, चुंबक नाही. बॅकअप एका फ्लॉपीत मावायचा नाही. यंत्र एक भरलं की दुसरी मागायचं, मग तिसरी, आणि परत भरताना त्याच क्रमानं द्यावी लागायची. जगातल्या कुठल्याही माणसानं त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे टाकले असते. तुम्ही नावं लिहिलीत. घरातल्या बायकांची. हळदीकुंकवाला ज्या मानाच्या क्रमानं कुंकू लावायचं, त्या क्रमानं.

"आकडा विसरतो माणूस," तुम्ही म्हणालात. "मान विसरून चालत नाय."

दादा म्हणाला, "मला कुठं ठाऊक हाय बायकांचा मान?"

"म्हणूनच तुमच्या हाती देत नाय."

मुंबईच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं तेव्हा तुम्हाला खुर्चीत बसवत नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली, शेजारी कॉम्प्युटर. प्राचीचं लग्न ठरलेलं होतं. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच वाक्य म्हणायचा, लग्नात तुम्हीच गायचं बरं का. तुम्ही प्रत्येकाला हो म्हणायचात. आणि तो गेला की दादाला सांगायचात, "काय पण झालं तरी तारीख हलवायची नाय."

एक दिवस मला हाक मारलीत. "भावजी, टाइप करा."

"जुन्यातलं काढू? दत्तूचं हाय, विलासचं हाय..."

"प्राचीला जुन्यातलं? हात धुऊन या."

आठ कडवी, सगळी नवी. तुम्ही उशीला टेकून सांगायचात, मी दोन बोटांनी बडवायचो. एखादी मात्रा चुकली की तुम्ही खाटेच्या लाकडावर टिचकी मारायचात. सहा कडवी सरळ झाली. पोरीची आई, पोरीचं लहानपण, तिचं हट्टानं समुद्रावर जाणं, हसताना नाक शिंकरल्यासारखा येणारा तिचा तो आवाज, तोसुद्धा तुम्ही वृत्तात बसवलात. मी लिहिता लिहिता हसत होतो, आणि तुम्ही म्हणालात, "हसताय काय, तुमचंच नाक हाय ते."

मग सातवं. नातेवाइकांचं कडवं.

"हाती अक्षत घेउनी उभि इथे, मामी नि आत्या सवे."

मी टाइप केलं.

"आता गेलेल्यांची ओळ. स्वर्गीचे बघती हसून सगळे, आजी नि काकू सवे."

माझी बोटं थांबली. "कुठली काकू?"

"प्राचीला काकू कितीशा हायत?"

मी म्हणालो, "मी नाय टाइप करणार."

"का? वृत्त बसतंय. मोजून बघा."

"तुमी इथं माझ्यासमोर पेज पिताय, आणि तिकडं स्वर्गातून बघताय?"

"पेज आत्ता पितेय, भावजी. लग्न वैशाखात हाय."

हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ते एकदाच बोललं गेलं, तेही वृत्तात. मी काय करावं? मी नाटक केलं. दुसरं मला येतं काय? मी तुम्हाला स्वर्गातून काढलं, तिथं 'आजी नि आजा सवे' असं केलं, आणि वरच्या जिवंतांच्या ओळीत तुम्हाला घुसवलं. मग उभा राहून, हात पसरून, पाममध्ये गातो तसं गायलो, "हाती अक्षत घेउनी उभि इथे, मामी नि काकू नि आत्या सवे!"

तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. "तीन अक्षरं जास्त झाली."

"होऊ देत."

"गाताना पाय अडकेल."

"अडकू दे. लंगडू दे."

"मग मामीला काढा."

"दांडीच्या मामीला? काढली तर ती लग्नाला यायची नाय. आणि आली, तर परत जायची नाय."

"मग आत्याला काढा."

आपण दोघांनी एकदम दाराकडे बघितलं. आत्या, माझी बहीण, तुमची नणंद, पलीकडच्या खोलीत वाल सोलत होती. तुम्ही हसायला लागलात, खोकला येईपर्यंत हसलात. मी पाणी दिलं. मग म्हणालात, "बॅकअप घ्या. तुमची चूकपण जपून ठेवू. उद्या दुरुस्त करा."

मी तांदळाचा डबा आणला. तुम्ही खाटेवरून एकेक नाव घेत होतात, मी ती ती फ्लॉपी सारत होतो. क्रम काही मी लक्षात ठेवला नाही. हाका मारायला तुम्ही होतात, मला काय गरज?

दुसऱ्या दिवशी विचारलंत, "दुरुस्त केलं?"

"वीज नव्हती," मी म्हणालो.

पंखा तुमच्या डोक्यावर फिरत होता. तुम्ही पंख्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

आता टक, टक, टक ऐकून मी काय केलं ते सांगतो. बोईसरहून दुरुस्तीवाला आणला. त्यानं खोकं उघडलं, कान लावला, आणि घरात मयत झालंय हे माहीत नसूनही आवाज खाली आणून म्हणाला, "भाईसाब, हार्डडिस्क तो गयी. नयी डाल देता हूँ. बैकअप है क्या?"

"हाय," दादा म्हणाला. "तांदळात."

"चावल में?"

"पुराने चावल में," दादानं खुलासा केला.

त्यानं नवी डिस्क बसवली, लागणारे प्रोग्रॅम भरून दिले आणि गेला. दादा, मी, प्राची आणि आत्या खोक्यासमोर बसलो. प्राचीनं डबा मांडीवर घेतला. ती सकाळपासून एकच वाक्य म्हणत होती, "बाबा, नाही आलं तर मला दुसरं कुणाचं नको. नुसतं 'सावधान' म्हणा, चालेल." पहिली फ्लॉपी सोपी होती. 'आजी', तुमच्या सासूबाई, आमची आई. घरात पहिला मान तिचा, ती गेल्यावरही. यंत्र घरघरलं, अर्धं समाधान पावलं आणि दुसरी मागू लागलं.

आत्या पुढे सरकली. "दुसरी मी. विचारायचं काय त्यात? घरची लेक हाय मी."

प्राचीनं 'आत्या' घातली. यंत्रानं नकार दिला. ही दुसरी नव्हे, दुसरी घाला.

"खोकं बिघडलंय," आत्या म्हणाली. "परत घाल."

परत घातली. परत नकार. दादा छताकडे बघू लागला. मी हळूच म्हणालो, "पामची मावशी घालून बघ." आईची बहीण, म्हातारी झाली आहे, पण तुम्ही तिला वाकून कुंकू लावायचात. प्राचीनं ती घातली. यंत्र लगेच घरघरलं.

आत्या ताठ झाली. "म्हंजे वहिनीनं मला तिसरी ठेवली? इतकी वर्सं मला पुढं पुढं करायची आणि खोक्यात तिसरी? थांब, आता विचारतेच तिला..."

आणि ती थांबली. तोंड तसंच उघडं. मग पदर तोंडाला लावून अशी रडली वहिनी, तुमच्या तेराव्यालाही रडली नव्हती तशी. दादा तिला म्हणाला, "अगं, तिसरी म्हंजे वाईट नाय. मामी चौथी हाय." त्यावर ती रडता रडता म्हणाली, "ते बरंच केलं तिनं."

तिसरी आत्या, चौथी मामी. मग यंत्रानं शेवटची मागितली. डब्यात एकच उरली होती. तिच्यावर तुमच्या अक्षरात नुसतं 'मी' लिहिलं होतं. यजमानीण सगळ्यांना लावून झाल्यावर शेवटी स्वतःला लावते. प्राचीनं ती दोन्ही हातांनी आत सरकवली.

आली, वहिनी. सगळी परत आली. दत्तू आला, विलास आला, लांब काका आले, उखाणे आले. आणि प्राचीचं आलं, आठही कडवी. प्राची नाकाच्या ओळीपाशी हसली, तिचं नेहमीचं शिंकरं हसू. मी मात्र खाली खाली गेलो. सातवं कडवं. हाती अक्षत घेउनी उभि इथे, मामी नि काकू नि आत्या सवे.

यंत्र प्रामाणिक असतं हो. ज्या दिवशी भरलं, तो दिवस जसा होता तसा परत देतं. त्या दिवशी तुम्ही होतात.

दादानं वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. "हितं कशी काय ती?"

मी सगळं सांगितलं. तुमची ओळ, माझी ओळ, पंखा. त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "राहू दे ना मग अशीच."

"दादा, तीन अक्षरं जास्त हायत. गाताना पाय अडकेल."

"अडकू दे."

बघा वहिनी, माझी वाक्यं तो बोलायला लागला आणि तुमची मी. भर मांडवात तो विंगेतल्या नटासारखा माझ्याकडे डोळे लावून बसेल, मी त्या ओळीशी आलो की. तो ऐकेल तेव्हा तुम्ही तिथं नसाल, आणि तुम्ही आहात असं मी गात असेन. तुम्ही सगळ्या आयुष्यात एकही पान खोटं वाढलं नाहीत. कुणाला मान जास्त नाही की कमी नाही. प्राचीच्या मांडवात तुमचं पान मी चुकीच्या पंगतीत कसं मांडू?

प्राची म्हणाली, "मोठीआईनं कसं सांगितलं होतं?"

मी सांगितलं.

"मग तसं," ती म्हणाली. आणि उठून आत गेली.

काल दुपारी मी एकटा बसून केलं ते. लग्नासाठी वेगळी फाईल केली, तिला वेगळं नाव दिलं. जिवंतांच्या ओळीतून तुम्हाला उचललं. ते हे वाक्य लिहिण्याइतकं सोपं नव्हतं. कळ दाबायची आणि एकेक अक्षर मागे मागे पुसत जायचं, नि, कू, का. मग खालची ओळ, 'आजा' काढून तिथं तुम्ही. प्राचीचे आजोबा तुमच्यासाठी जागा सोडतील, माणूस दिलदार होता. मोठ्यानं म्हणून पाहिलं. स्वर्गीचे बघती हसून सगळे, आजी नि काकू सवे. कुठंही अडखळलं नाही. मी मुद्दाम अडखळायचा प्रयत्न केला, तरी नाही. तुम्ही ते इतकं नीट बसवून ठेवलं होतंत, याचा राग आला मला. मग ते माझ्या लेकीच्या लग्नात माझ्या गळ्यातून नीट निघावं म्हणून बसवलं होतंत, हेही कळलं. त्याबद्दल काय म्हणतात ते म्हणायची सवय आपल्यात नव्हती. तुम्ही समजून घ्या.

ती छापली आहे, गुलाबी कागदावर. वैशाखात तीच गाईन. वादात तुम्ही जिंकलात.

जुन्या पाच फ्लॉप्या मात्र मी तशाच ठेवल्या. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते, ती सरकवली की तिथं भोक उघडं पडतं. मग यंत्राला तिच्यावर काही लिहिता येत नाही आणि तिच्यातलं काही पुसता येत नाही. वाचता तेवढं येतं. मी आजीची सरकवली, पामच्या मावशीची, आत्याची, मामीची. मग तुमची. ती जरा घट्ट होती, नखानं सरकवावी लागली. आता त्यात कुणालाही दुरुस्ती करता येणार नाही, तुमचा हुकूम असला तरी मलाही नाही. तिथं तुम्ही मामी आणि आत्याच्या मधे दाटीवाटीनं उभ्या आहात, हातात अक्षता घेऊन, तीन अक्षरं जास्त.